चंद्राखालचा केस

दंतवैद्याने पेन रुमालात गुंडाळून आणलं होतं. रुमालाची गाठ सोडताना तो म्हणाला, "चीर गेलीय बघा. तुमच्या हातचं काम, म्हणून तुमच्याकडे आलो. नाहीतर मीच भरून टाकली असती." आणि स्वतःच हसला. दवाखाना बंद करून त्याला बरीच वर्षं झाली होती, पण बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे न बघता तोंडाकडे बघायची सवय गेली नव्हती. तिने पेन खिडकीपाशी नेलं, भिंग डोळ्याला लावलं. तिचंच काम होतं. काळ्या अंगावर चांदीच्या पुडीचं धुकट आभाळ, खालून वर झुकत गेलेली गवताची पाती, आणि त्यांच्या टोकांना टेकलेला सोन्याचा अर्धा चंद्र. चंद्राच्या कडेपासून आभाळात शिरलेली एक बारीक, वाकडी रेघ. "घेतलं तेव्हा नव्हती," दंतवैद्य तिच्या मागून सांगत होता. "गेल्या दोनतीन वर्षांत दिसायला लागली. आधी वाटलं, माझ्याच डोळ्यात काहीतरी आहे. डोळे तपासून आलो, पैसे गेले, रेघ तिथंच." तिने पेन उजेडात फिरवलं. चिरेला कड असते, उजेड तिच्यावर अडकतो. इथे तो अडकत नव्हता, सरळ वरून घसरत जात होता. "ही चीर नाही," ती म्हणाली. "केस आहे. लाखेच्या आत."

"कुणाचा?" दंतवैद्याने विचारलं.

त्याने ते सहज विचारलं होतं. जेवणात केस निघाला की माणूस विचारतो तसं. तिच्या धंद्यात हा प्रश्न कुणी विचारत नाही. केस कुंचल्याचा असतो, काम बिघडलेलं असतं, घासून काढायचा असतो. तिने तसंच सांगितलं. कुंचल्याचा असेल, काढता येईल, चंद्राची थोडी कड जाईल, ती पुन्हा लावून देईन, दोनेक महिने लागतील. "काढा काढा," दंतवैद्य म्हणाला. "ते बघितलं की मला तोंडात केस आल्यासारखं होतं." मग तो जिन्याने हळूहळू उतरत गेला. प्रत्येक पायरीवर त्याच्या काठीचा आवाज येत राहिला आणि तो थांबल्यावरही ती पेन हातात धरून उभीच होती.

ही लाख म्हणजे आपल्याकडची किड्यांची लाख नव्हे, एका झाडाचा चीक. जपानमध्ये त्या चिकाचे थर लाकडावर, भांड्यावर, आणि गेली शंभरेक वर्षं पेनांवर चढवतात, ओल्या थरावर सोन्या-चांदीची पूड भुरभुरवून चित्र काढतात. माकी-ए म्हणतात त्याला. ती ज्या बाईंकडे हे शिकली त्या जपानात शिकून आल्या होत्या, आणि त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की या लाखेला सगळं उलटं लागतं. उन्हात ती वाळत नाही, ओलाव्यात वाळते. म्हणून कामाच्या खोलीत एक लाकडी पेटी असते, आतून ओल्या फडक्याने पुसलेली, तिच्यात पेनं टांगून ठेवायची. आणि लावताना ती कडक चहासारखी गडद असते, तिच्याखालचं नीट दिसत नाही, ते दिसायला वर्षं जावी लागतात. थर जसा जुना होतो तसा निवळत जातो. "आज काढलेलं चित्र तुझं तुला म्हातारपणी दिसेल," बाई म्हणायच्या. तेव्हा ते आशीर्वादासारखं वाटायचं. म्हणजे हा केस पहिल्यापासून तिथेच होता. दुकानात गेला तेव्हा होता, दंतवैद्याने त्या पेनाने रोग्यांच्या चिठ्ठ्या लिहिल्या तेव्हा होता. आणि ते पेन कोणत्या वर्षीचं हे तिला कुठे शोधायची गरज नव्हती. गवत तिने एकाच वर्षी काढलं होतं. नवरा घरात होता ते शेवटचं वर्ष.

पेन तिने टेबलावर ठेवलं, भिंग काढलं, पुन्हा लावलं. भिंगातून केस आखूड आणि जाड दिसत होता. लाखेत अडकलेली प्रत्येक गोष्ट जाड दिसते, हे तिला ठाऊक होतं. रंगावरूनही काही सांगता येत नाही, लाखेखाली काळं-पांढरं सगळंच तांबूस होतं. पण तो वाकलेला होता, कमानीसारखा, आणि आभाळातलं टोक निमुळतं होत गेलं होतं. नवऱ्याच्या भुवया दाट होत्या. त्यातले काही केस वेडेवाकडे वाढायचे, पुढे यायचे. लग्नानंतरच्या पहिल्या दिवसांत ती त्या भुवया बोटाने बसवायची आणि म्हणायची, तुझ्या डोळ्यांना छपराची गरज नाही, याच छप्पर आहेत. कामावर वाकून बघणाऱ्या माणसाचा केस गळून पडला तर भुवईचाच केस पडेल. पण तिच्या कामाच्या खोलीत तो कधी आलाच नव्हता.

त्याला लाख सोसायची नाही. सुरुवातीला कुणालाच सोसत नाही, तिचाही चेहरा शिकताना भोपळ्यासारखा सुजला होता, आणि बाई शांतपणे म्हणाल्या होत्या, "लाखेनं ओळख करून घेतली तुझी. आता विसरणार नाही." मग अंगाला सवय होते, पुरळ उठत नाही. नवऱ्याच्या अंगाला ती सवय कधी झाली नाही. लग्नाच्या पहिल्या महिन्यात त्याच्या पाठीवर, खांद्याच्या खाली, लाल पुरळ उठलं होतं ते बरोबर तिच्या बोटांच्या आकाराचं. डॉक्टरने सदरा काढायला लावला आणि बघून हसू दाबलं. घरी येईपर्यंत तेही दोघं हसत होते. "बाईसाहेबांनी शिक्का मारलाय," असं तो कितीतरी दिवस सांगत असे, ज्याला त्याला, लाजही नव्हती. मग ती कामानंतर हात तेलाने पुसून दोनदोनदा धुवायला लागली, कपडे बदलायला लागली. मग पॅसेजच्या टोकाची ती खोली त्याला बंद झाली. "त्या खोलीत मी पाय ठेवणार नाही बाबा," तो म्हणाला होता, दोन्ही हात वर करून, शरण आल्यासारखा. हे तिला स्वच्छ आठवत होतं. मग हंगामात, म्हणजे हवा दमट असते तेव्हा, काम जास्त असायचं, त्या दिवसांत ती कामाच्या शेजारच्या खोलीतच निजायची. पुढे हंगाम संपला तरी अंथरूण तिथंच राहिलं. कुणी ठरवलं नव्हतं. अंथरूण हलवायचं कुणी, एवढाच प्रश्न होता.

तो लिफ्ट तपासायचं काम करी. दिवसभर इमारतींच्या पोटात, तारा, कप्प्या, वंगण. घरी आला की आधी हात धुवायला जायचा, आणि त्याचा साबण म्हणजे धुण्याची वडी, वंगण निघण्याशी कारण. त्या शेवटच्या वर्षी मात्र न्हाणीघरातल्या फळीवर वेगवेगळे साबण दिसायला लागले. एक पांढरा, एक हिरवा, एक पारदर्शक, ज्यातून पलीकडची फरशी दिसायची. "काय रे हे," तिने एकदा विचारलं. "बदलून बघतोय," तो म्हणाला. आणि एक साबण फळीवर नव्हता, दाढीच्या डबीत होता, वेष्टन काढून ठेवलेला. त्याचा वास तिला आधी त्याच्या मनगटाला आला, जेवताना, तो पाणी पुढे करत होता तेव्हा. जड, फुलांचा, थोडा औषधी, मोठ्या घरातल्या बायका वापरतात तसा. त्या क्षणी तिने पेला घेतला आणि पाणी प्यायली. इतकंच. साबण डबीत का ठेवलाय, हे विचारायला तिला दाढीची डबी उघडल्याचं कबूल करावं लागलं असतं. ती काही बोलली नाही. बोलली नाही म्हणजे इतर गोष्टींवर बोलली, दूध, वीज, गळणारा नळ, नीट बोलली. फक्त त्याच्याशी बोलताना ती आवाज पेटीच्या झाकणासारखा हळूच बंद करायला लागली. त्याची बदली दुसऱ्या शहरात झाली तेव्हा त्याने विचारलं होतं, "तू येशील ना?" आणि ती म्हणाली होती, "पेटी कुठं हलवणार." पुढचं सगळं पत्राने, वकिलाने, रीतसर झालं. तो साबण जिच्याकडून आला असं तिने धरलं होतं, त्या बाईचं नाव तिला कधी कळलं नाही. त्याने तिकडे लग्न केलं ते चार वर्षांनी, तिकडच्याच एका शिक्षिकेशी, म्हणजे साबणवाली ती नसणार. साबणवालीनेही त्याला सोडलं असेल, असं धरून चालायची तिला सवय झाली होती. त्यात थोडं समाधानही होतं.

आता मात्र तो केस. आणि केसाबरोबर, जणू त्याच्याच टोकाला बांधलेली, आणखी एक गोष्ट वर आली. त्या वर्षी एकदा त्याच्या पापण्या सुजल्या होत्या. दोन्ही. डोळे नुसत्या फटी. "लिफ्टच्या खड्ड्यात काहीतरी उडालं," असं त्याने सांगितलं होतं, आणि तिने गार पाण्यात पट्टी भिजवून टेबलावर ठेवली होती, डोळ्यांवर ठेवली नव्हती. पेटीचं झाकण उघडून आत तोंड घातलं, ओल्या लाखेवर डोळे बारीक करून वाकलं, तर पापण्याच सुजतील. हे तिला तेव्हा सुचलं नव्हतं, कारण तो त्या खोलीत येत नव्हता. केस त्याचा असेल तर तो आला होता. नसेल तर जे होतं तेच होतं. आणि कळायचा मार्ग एकच होता. कुंचल्याच्या केसालाही निमुळतं टोक असतं, पण दुसरं टोक बांधणीत कापलेलं असतं, सरळ. माणसाच्या गळालेल्या केसाला दुसऱ्या टोकाला मूळ असतं, बारीकशी गाठ. ते दुसरं टोक चंद्राखाली गेलं होतं. सोन्यातून काही दिसत नाही. तिथवर घासत गेलं की टोक दिसेल, आणि दिसेल तेवढाच वेळ असेल, पुढच्या दोन हातांत त्याची पूड होईल.

चारपाच दिवस तिने दुसरीच कामं केली. एका टोपणाची कड भरली, एका पेनाचं झाकण पुसलं, पेटीतली फडकी बदलली. पेन टेबलाच्या कोपऱ्यात दंतवैद्याच्या रुमालावर पडून होतं. येता-जाता ती भिंगाशिवायच त्याच्याकडे बघे, आणि भिंगाशिवायही आता तिला केसच दिसे, आभाळ नाही, गवत नाही. मग एका दुपारी, हातात काही नसताना, तिने फोन लावला. नंबर बदलला असेल असं मनाशी म्हणत लावला, म्हणजे लागला नाही तर वाईट वाटायला नको. लागला.

"अगं!" तो म्हणाला. मग, "काय झालं?"

"काही नाही. एक विचारायचं होतं. कामाचं आहे."

"विचार की. लिफ्ट बसवतेस का?"

आवाज जाड झाला होता, पण हसायची पद्धत तीच होती, आधी स्वतः हसून घ्यायची. तिने विचारलं, त्या वर्षी तुझे डोळे सुजले होते, आठवतं का, ते कशाने? पलीकडे भांड्यांचा आवाज आला, मग दार ओढून घेतल्याचा.

"ते होय," तो म्हणाला. "आता सांगायला हरकत नाही. तुझ्या त्या पेटीत डोकं घातलं होतं."

"तू खोलीत आला होतास?"

"यायचो मधूनमधून. तू सामान आणायला गेलीस की. चप्पल काढून, हात धुऊन, अगदी देवळात गेल्यासारखा."

"खोटं बोलतोस."

"बरं, खोटं."

"काय बघितलंस सांग मग."

"मासा," तो लगेच म्हणाला. "लाल मासा होता एका पेनावर. टोपण लावलेलं असलं की अर्धाच दिसायचा. टोपण काढलं की आतल्या गळ्यावर शेपूट. मला वाटलं, ही बाई वेडी आहे, जे कुणाला दिसायचं नाही तिथं शेपूट काढत बसलीय. मग फार आवडलं ते. पुन्हा पुन्हा काढून बघायचो. हातांना ही खाज! आठवडा आठवडा. साबण बदलून बदलून कंटाळलो."

माशाचं पेन दुकानाच्या माहितीपत्रकात छापून आलं होतं, पण टोपण लावलेलं. शेपूट माहीत असायला ते हातात घेऊन उघडावं लागत होतं.

"मला का नाही सांगितलंस?" तिने विचारलं.

"तूच म्हणाली होतीस ना, आत कुणी यायचं नाही, धूळ येते म्हणून."

"मी? तू म्हणाला होतास, पाय ठेवणार नाही म्हणून."

"मी तू म्हणालीस म्हणून म्हणालो. काय गं, इतक्या वर्षांनी भांडायला फोन केलास का?" तो पुन्हा हसला, पण या वेळी हसू लवकर संपलं. "तू तेव्हा विचारायचं होतंस."

"काय?"

"काहीही."

दाराच्या पलीकडून बायकी आवाजात कुणीतरी विचारलं, कुणाचा फोन आहे. तोंड फोनपासून बाजूला करून तो म्हणाला, "जुन्या घरचा." साधं उत्तर होतं, खरंही होतं. जुनी घरं असतात, तिथून कधीमधी फोन येतात, कागद राहिलेला असतो, वस्तू सापडलेली असते. तिने त्याला तब्येत विचारली, त्याने तिला विचारली. दोघांच्याही तब्येती बऱ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी तिने पेन घासायला घेतलं. कोळशाचा बारीक तुकडा, पाणी, बोटाचं टोक. घाई करायची नाही, दर थोड्या वेळाने पाणी पुसून बघायचं. बाई सांगायच्या की घासायचं सगळ्यांना येतं, थांबायचं फार थोड्यांना. आभाळातला केस आधी उघडा पडला, मग पाण्याबरोबर करडा झाला, मग नाहीसा. चंद्राच्या कडेशी ती थांबली. फोनच्या आधी तिला इथे थांबावंसं वाटलं असतं, नुसतं दिसतं तेवढं काढून बाकीचं सोन्याखाली राहू द्यावंसं. आता थांबायचं कारण उरलं नव्हतं. तो आला होता, हे तिला कळलंच होतं. केसाने ते पुन्हा सांगायचं, एवढंच. चंद्राची कड पातळ झाली, पिवळी, मग फिकट, आणि खालून केसाचं दुसरं टोक वर आलं. तिने पाणी टिपलं आणि भिंग लावलं. टोक सरळ कापलेलं होतं. गाठ नाही, मूळ नाही. चंद्राची कड तिने ज्या कुंचल्याने ओढली होती तो मांजराच्या पाठीवरच्या केसांचा, अजून डब्यात होता. ती भिंग लावूनच हसली, मोठ्याने, आणि त्या खोलीत हसण्याचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. इतक्या वर्षांनी नवऱ्याला फोन केला, तो एका मांजरापायी. हे त्याला सांगितलं तर तो जमिनीवर लोळून हसेल, असं वाटून तिचा हात फोनकडे गेला. मग तिच्या लक्षात आलं की केस हेच फोन करायचं कारण होतं, आणि ते तिने आत्ताच घासून टाकलं होतं.

दंतवैद्य पेन न्यायला आला तेव्हा हवा कोरडी झाली होती. चंद्राची नवी कड जुनीपेक्षा किंचित गडद होती, काही वर्षांनी ती सारखी होईल असं तिने सांगितलं. "तोवर मी कुठला," तो म्हणाला, पण खूश दिसला. पेन खिडकीपाशी नेऊन, जबड्यात बघावं तसं त्याने सगळ्या बाजूंनी बघितलं. "मग, कुणाचा निघाला?" "मांजराचा," ती म्हणाली. "तुमच्याकडे मांजर आहे?" त्याने टेबलाखाली वाकून बघितलं. नाही म्हणून तिने मान हलवली. पेन रुमालात बांधून तो उतरत गेला.

संध्याकाळी ती खाली कोपऱ्यावरच्या दुकानात गेली. साबणांच्या फळीपुढे उभं राहून तिने एकेक उचलून नाकाशी धरला. पांढरे, हिरवे, पारदर्शक, आता त्यांत फळांचेही आले होते. एकही तो नव्हता. खरं तर तो कसा होता हेच आठवत नव्हतं. तो वास आला तेव्हा पाणी पिताना पेल्याची कड दाताला लागली होती, ते आठवत होतं. दुकानातली मुलगी थोडा वेळ बघत होती, मग जवळ आली. "काकू, नक्की कोणता हवाय? वास घेऊन घेऊन डोकं दुखेल तुमचं."

"खाजेवरचा," ती म्हणाली. "पुरळ उठतं, त्यावरचा."

"मग इथं काय शोधताय? तो औषधांच्या फळीवर असतो." मुलगी काउंटरच्या पलीकडे गेली, वर न बघताच एक पिवळं खोकं काढून तिच्यापुढे ठेवलं. खोक्याची एक बाजू उघडी होती. तिने ते उचललं, आणि नाकाशी न्यायच्या आधीच तिला वास आला. जड, फुलांचा, थोडा औषधी.

"हाच का?" मुलीने विचारलं.